दीड सेंटिमीटरसाठी एक दिवस

पहाटे ५.१०

विरारहून दादरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी आधी फोनवर आजची लिस्ट बघते. मुलांच्या शस्त्रक्रियागृहात मी सिस्टर आहे. दिवस कसा जाणार, हे पहिल्या केसवर ठरतं. आजची पहिली केस: मुलगा, वय ६, वजन १६ किलो, डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात १५ मिलिमीटरचा खडा, मिनी पीसीएनएल, म्हणजे पाठीतल्या छोट्या छिद्रातून खडा काढायचा. पत्ता अच्छाड, तालुका तलासरी.

मी मूळची डहाणू तालुक्यातली, त्यामुळे पत्ता वाचला की पुढचं सगळं डोळ्यांपुढे येतं. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्र जिथे संपतो तिथे अच्छाड. पुढे भिलाड, म्हणजे गुजरात. ट्रकवाल्यांना नाक्यामुळे हे नाव पाठ असतं. तिथल्या पाड्यावरून परळला आमच्या रुग्णालयात यायचं तर शेअर जीपने तलासरी, तिथून डहाणू, मग डहाणू लोकलने तीन तास. बरोबर ताप आलेलं मूल असलं की हेच अंतर दुप्पट वाटतं.

सकाळी ७.००

थिएटरमध्ये जाण्याआधी वॉर्डात एक फेरी. फाइल वाचून झालेली असली तरी मूल स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कहाणी नेहमीचीच. मोठ्या माणसाला मुतखडा झाला की तो कमरेला हात लावून दाखवतो. सहा वर्षांचं मूल फक्त ‘पोट दुखतं’ म्हणतं आणि बोट बेंबीवर ठेवतं. जंताची गोळी झाली, कुळथाचं कढण झालं, कुणीतरी पानफुटीची पानं चावायला दिली. मग थंडी वाजून ताप आला आणि लघवी लाल झाली, तेव्हा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, डहाणूत सोनोग्राफी आणि शेवटी मुंबई. पिवळं रेशनकार्ड असल्यामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसलं. कागदांची धावपळ आरोग्यमित्रानं केली. वडील उंबरगावच्या जीआयडीसीत रोजंदारीवर आहेत. इथे जितके दिवस, तितके दिवस हजेरी नाही.

मी आईला विचारलं, “रात्री जेवला ना? पाणी?”

“पानी रातपाळीच्या बाईंनी साडेसहाला दिला. आमी देत नव्हतो. भूल द्यायची हाय ना.”

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं म्हटलं की घरचे पाणीही बंद करतात. जेवण सहा तास आधी थांबवायचं, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. या मुलाला तर ते हवंच होतं. लघवी लाल होती आणि मूल पालघरच्या आदिवासी पट्ट्यातलं होतं, म्हणून ओपीडीतच सिकलसेलची तपासणी झाली. पालघर आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी समाजांत हा दोष आढळतो, आणि नुसत्या वाहकाच्याही लघवीतून कधी कधी रक्त जातं. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढच्या तपासणीत ‘एएस’ निघालं. म्हणजे मुलगा वाहक आहे, आजारी नाही. रोजच्या खेळण्याबागडण्यात वाहकाला सहसा काही जाणवत नाही. पण भुलेखाली अंग गार पडलं, पाणी कमी झालं किंवा ऑक्सिजन उतरला, तर तांबड्या पेशी वाकड्या होण्याची भीती असते. म्हणून सलाइन आधीच सुरू.

लघवीचा कल्चर रिपोर्ट साफ. डाव्या बाजूला, पाठीवर, मार्करची खूण. संमतीपत्रावर आईचा अंगठा, वडिलांची सही. खूण कोणत्या बाजूला आहे हे मी फाइल, सोनोग्राफी आणि पाठ अशा तीन ठिकाणी पडताळते.

सकाळी ७.४५

थिएटरचा एसी बंद. नव्या विद्यार्थिनी सिस्टरला याचं आश्चर्य वाटतं. मोठ्यांच्या थिएटरमध्ये गारवा चालतो, पण १६ किलोचं शरीर झपाट्यानं गार होतं, त्यात आपण मूत्रपिंडात लिटरवारी पाणी सोडणार. सलाइनच्या बाटल्या गरम कपाटात ३७ अंशांवर ठेवल्यात. टेबलावर गरम हवेची चादर, हातापायांना कापसाची गुंडाळी.

बाटल्या सलाइनच्याच हव्यात, हे मी लेबल वाचून बघते. धुण्याचं पाणी थोडंफार रक्तात शोषलं जातंच. साधं पाणी असेल तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि लहान मुलात ते फार लवकर उतरतं.

मग ट्रॉली. १८ गेजची सुई, गाइडवायर, डायलेटर, १५ फ्रेंचची शीथ, १२ फ्रेंचची दुर्बीण, लेसरचा धागा. फ्रेंच हे माप पॅरिसच्या शार्येर नावाच्या अवजारं घडवणाऱ्या कारागिराचं. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. तेव्हा आजची नळी पाच मिलिमीटर जाडीची. मोठ्यांच्या नेहमीच्या पीसीएनएलमध्ये २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर लागतात. मोठ्या माणसाचं मूत्रपिंड दहा-अकरा सेंटिमीटर लांब असतं, या मुलाचं साधारण आठ. छिद्र मोठ्यांचं आणि मूत्रपिंड लहानाचं, हा हिशेब जमत नाही. फाटतं, रक्त जातं.

डीजे स्टेंटही काढून ठेवला. मुलांसाठी त्याची लांबी ठरवण्याचा सोपा आडाखा आहे: वय अधिक दहा. सहा वर्षांच्या मुलाला १६ सेंटिमीटर. पाकीट मात्र सर्जन सर सांगेपर्यंत फोडायचं नाही.

सकाळी ८.४०

वॉर्डबॉय मामांनी ट्रॉलीवरून मुलाला आणलं. आई दारापर्यंत. तिनं मुलाच्या गळ्यातला काळा दोरा काढू द्यायला नकार दिला, तो मनगटाला चिकटपट्टीनं बांधून घेतला. तंटा मिटला. भूलतज्ज्ञ मॅडमनी मास्क दाखवून विचारलं, “फुगा फुगवतोस?” चार-पाच श्वासांत झोप.

नळी घातली, अँटिबायोटिक गेलं, मग आधी पाठीवर निजवून मूत्रमार्गातून दुर्बीण घालून युरेटरमध्ये, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीत, बारीक कॅथेटर सरकवलं. यातून नंतर रंग सोडायचा असतो. त्यानंतर पालथं घालणं. बाहेरच्यांना वाटतं की अवघड काम सुईचं. माझ्या मते, झोपलेल्या लहान मुलाला पालथं घालणं हे त्या दिवसातलं सगळ्यात काळजीचं काम आहे. पाच माणसं, एक आकडा मोजणार, मॅडमचा हात श्वासनळीच्या नळीवर. छातीखाली एक उशी, ओटीपोटाखाली एक, पोट मोकळं. डोळ्यांवर पट्टी, कपाळाला गादी, कोपर दबत नाही ना, गुडघा दबत नाही ना. मी प्रत्येक ठिकाणी हात घालून बघते.

सकाळी ९.२५

टाइमआउट. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेली सुरक्षितता यादी मोठ्यानं वाचायची: रुग्ण कोण, बाजू कोणती, रक्त राखून ठेवलंय का. यादीखाली आमची आणखी एक ओळ असते: “सिकलसेल वाहक. तापमान ३६च्या खाली नको.”

सगळ्यांच्या अंगावर शिशाचे एप्रन, गळ्याला पट्टा. क्ष-किरणांचा सी-आर्म टेबलाखालून वळवून घेतला. सर आधी सोनोग्राफीनं मूत्रपिंड बघतात, मगच क्ष-किरण. पायाखालच्या पेडलवर पाय अगदी क्षणभर पडतो आणि शेवटचं चित्र पडद्यावर गोठवून ठेवतात. मुलांच्या पेशी जलद वाढत असतात आणि त्यांच्यापुढे सगळं आयुष्य असतं, म्हणून किरणांचा प्रत्येक सेकंद मशीनवरून माझ्या रजिस्टरात उतरतो.

कॅथेटरमधून रंग गेला. मूत्रपिंडाचे कप्पे पडद्यावर काळे उमटले. सुई आत गेली, मधली तार काढली आणि लघवीचा थेंब आला. “वायर.” मी दिली. त्वचेवर पाच मिलिमीटरचा छेद, एकामागून एक डायलेटर, मग शीथ. आता पाठीवरून थेट खड्यापर्यंत रस्ता झाला.

हा रस्ता पहिल्यांदा काढला गेला तो स्टॉकहोममध्ये. फर्नस्ट्रॉम आणि जोहान्सन यांनी १९७६ मध्ये तीन रुग्णांचे खडे पाठीतल्या छिद्रातून काढल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर मूत्रपिंडातला खडा म्हणजे कुशीला लांब चीर हेच समीकरण होतं. १९८०च्या दशकात ही पद्धत मुलांपर्यंत आली, पण अवजारं मोठ्यांचीच. १९९८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॅकमन आणि सहकाऱ्यांनी अगदी लहान मुलांसाठी ११ फ्रेंचची शीथ वापरली आणि ‘मिनी-पर्क’ हे नाव रूढ झालं. पुढचा मोठा टप्पा आपल्या शेजारीच घडला. अच्छाडच्या माणसानं दक्षिणेऐवजी उत्तरेची गाडी धरली तर त्याच रेल्वेमार्गावर नडियाद लागतं. तिथल्या मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटलच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘मायक्रोपर्क’चा पहिला अहवाल दिला. ४.८५ फ्रेंच, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी जास्त जाडीची सुई. तिच्यातूनच बघायचं आणि तिच्यातूनच लेसर घालून खडा फोडायचा. पण इतक्या बारीक सुईतून तुकडे बाहेर काढता येत नाहीत, भुगा लघवीवाटेच जावा लागतो. १५ मिलिमीटरच्या टणक खड्याला म्हणून आज मधला आकार.

सकाळी ९.५५

लेसरचा चष्मा घाला, दाराबाहेरचा दिवा लावा. पडद्यावर पिवळट, काटेरी खडा. टिकटिक सुरू झाली आणि कड विरघळल्यासारखी सुटू लागली.

मिनी पीसीएनएलमध्ये एक गंमत आहे. दुर्बीण शीथमधून हळूच मागे घेतली की पाण्याचा भोवरा होतो आणि तुकडे आपोआप ओढले जाऊन बाहेर येतात. चिमटा फारसा लागत नाही. मी खाली वाटी धरते, गाळणीत कण जमतात.

या वेळात माझं खरं काम मोजण्याचं. आत किती सलाइन गेलं, बाहेर किती आलं. तफावत वाढली तर पाणी शरीरात मुरतंय किंवा मूत्रपिंडाबाहेर साचतंय. बाटल्या फार उंच टांगायच्या नाहीत, आतला दाब वाढतो आणि जंतू रक्तात ढकलले जातात. आणि रक्त. १६ किलोच्या मुलाच्या अंगात सव्वा लिटरही रक्त नसतं. मोठ्या माणसात ‘जरासं’ वाटणारं शंभर मिली इथे एकूण रक्ताचा बारावा हिस्सा असतो. सक्शनच्या बाटलीतलं पाणी गुलाबी आहे की लाल, हे मी दर काही मिनिटांनी बोलून दाखवते. मॅडम तिकडून तापमान सांगतात: ३६.४.

सकाळी १०.४०

खडा संपला. सर्व कप्पे दुर्बिणीनं पाहिले, सी-आर्मनं एकदा पाहिलं, कुठे सावली नाही. आता स्टेंट. मी पाकीट हातात घेतलं.

सरांनी विचारलं, “राहतात कुठे?”

“अच्छाड, सर. तलासरीच्या पुढे.”

स्टेंट मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत राहतो. काढायला दोन-चार आठवड्यांनी परत यायचं, आणि लहान मुलाला त्या पाच मिनिटांसाठी पुन्हा भूल. कुणी आलंच नाही, स्टेंट महिनोन् महिने विसरला गेला, तर त्यावरच खडे चढतात.

“युरेटर छान आहे, सूज नाही, तुकडा राहिलेला नाही. कॅथेटरच ठेवू. परवा वॉर्डात काढता येईल.”

पाकीट न फोडता कपाटात परत. रजिस्टरमध्ये या निर्णयाला एकच ओळ मिळते. घरच्यांना मात्र त्यातून एक भूल, एक खेप आणि दोन दिवसांची मजुरी वाचली.

गॉज मोजला, वायर मोजली, सुई मोजली. बरोबर. पाठीवर एक टाका. मुलाला पुन्हा पाच जणांनी उताणं केलं.

सकाळी ११.२०

रिकव्हरीत मूल कुडकुडलं नाही, हेच माझं बक्षीस. लघवीच्या पिशवीत फिकट गुलाबी रंग. आईनं सगळ्यात आधी पाठ बघितली.

“एवढाच?”

“एवढाच.”

वडिलांना खडा बघायचा होता. डबीत वाळूसारखी भुकटी आणि तांदळाएवढे चार-पाच तुकडे. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि घरी न्यायला मागितली. ती देता येत नाही, कोरडी प्रयोगशाळेत जाते. खडा कशाचा बनला आहे हे इन्फ्रारेड तपासणीत कळतं. कॅल्शियम ऑक्सलेट, युरिक ॲसिड, जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइट किंवा आनुवंशिक सिस्टिन, प्रत्येकाची पुढची वाट वेगळी.

दुपारी १२.३०

दुसरी केस युरेटरमध्ये अडकलेल्या खड्याची होती. छिद्र नाही, टाका नाही, खालूनच दुर्बीण आणि लेसर. लवकर आटोपली.

मग अवजारांची धुलाई. बारीक दुर्बीण हातात घेताना जो वाकवेल त्याला सगळं थिएटर ओळखतं. ब्रशनं आतली पोकळी साफ, हवेनं कोरडी, मग निर्जंतुकीकरणाला. विद्यार्थिनी सिस्टर बाजूला उभी होती. तिनं योग्य प्रश्न विचारला: “पण सिस्टर, त्या मुलाचा खडा बाहेरून का नाही फोडला? लिथोट्रिप्सीत तर छिद्रही नसतं.”

पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबरच. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसाचा खडा शरीराबाहेरून धक्कालहरींनी फोडला गेला. मुलांमध्ये ही पद्धत चांगली चालते, कारण त्यांचा युरेटर लवचीक असतो आणि तुकडे मोठ्यांपेक्षा सहज खाली उतरतात. पण खालच्या कप्प्यातले तुकडे वर चढून बाहेर पडायला कुरकुर करतात. टणक खड्याला दोनदा, तीनदा बसावं लागतं. मोठा माणूस जागेपणी झोपून राहतो, सहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी भूल. आणि मध्येच एखादा तुकडा अडकून ताप चढला तर रात्री अकराला अच्छाडच्या पाड्यावरून कुठे जायचं?

कमीत कमी इजा मिलिमीटरमध्ये मोजायची सवय आपल्याला लागली आहे, कारण मिलिमीटर मोजायला सोपे. भुलेच्या खेपा, क्ष-किरणांचे सेकंद, बुडालेली हजेरी, घरी ठेवलेलं धाकटं भावंड, हेही इजेतच धरायला हवं. ते धरलं की या मुलाला पाठीतलं एक छिद्र सगळ्यात कमी इजेचं ठरतं. छिद्र नसलेल्या उपचारापेक्षाही कमी.

दुपारी २.१५

जेवण, रजिस्टर, मागणीपत्र. किरणांचे सेकंद, आत-बाहेरचं सलाइन, शीथचा आकार, भुलेची वेळ.

दुपारी ३.४०

वॉर्ड. मुलगा बिस्कीट मागत होता, म्हणजे ठीक आहे. सरांची फेरी झाल्यावर आईबापांशी बोलायचं काम माझं. बोली जवळची, म्हणून हे मला आपोआप येतं.

मुलात खडा सापडला की कारण शोधायचंच, नाहीतर तो परत येतो. चोवीस तासांची लघवी साठवून आणणं या वयात कठीण, म्हणून एका वेळच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघतात. सुट्टीच्या आधी ते होईल.

“दूध बंद करायचा ना?” आईनं विचारलं. खड्यात चुना असतो असं कुणीतरी सांगितलं होतं.

बंद करायचं नाही. वाढत्या मुलाच्या हाडांना कॅल्शियम हवं, आणि आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवतं. कमी करायचं ते मीठ. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. इथे खरी अडचण सुक्या मासळीची. तलासरीच्या बाजारातलं सुकट आणि खारे बोंबील हे पावसाळ्यातलं कोरड्यास आहे, ते सोडा म्हणून कोण सोडणार? मी सांगितलं: मुलासाठी आधी पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, वरून मीठ घालायचं नाही, आणि रोज नको. लिंबू पिळलेलं पाणी चालेल, बिनमिठाचं.

आणि साधं पाणी. या वजनाला दिवसाला लिटर-सव्वा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवी पाण्यासारखी फिकी दिसली पाहिजे. सांगायला सोपं. पावसाळ्यात भरपूर पाऊस झेलणाऱ्या आमच्या भागात मार्चनंतर हंड्यासाठी लांब चालावं लागतं, आणि शाळेत जावंसं वाटेल असं स्वच्छतागृह नसेल तर मुलं पाणीच पीत नाहीत. म्हणून मी शाळेच्या नावानं एक चिठ्ठी लिहिली: या मुलाला बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जाऊ द्यावं. सरांची सही घेतली, शिक्का मारला. आमच्याकडे शिक्क्याला औषधाइतकाच मान आहे.

वडिलांचा प्रश्न एकच: “परत कधी यायचा?”

परवा कॅथेटर निघेल, लघवी साफ असेल तर त्यानंतर सुट्टी. तीन महिन्यांनी सोनोग्राफी, ती डहाणूतच करायची आणि रिपोर्ट फोनवर पाठवायचा. ताप आला, लघवी अडली किंवा लाल झाली, तर न थांबता जवळच्या सरकारी दवाखान्यात. पाड्यावरच्या आशाताईंचा नंबर फाइलवर लिहून घेतला. घरी गेल्यावर आईबाप आणि भावंडं यांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यायला सांगितलं, म्हणजे पुढे लग्न जुळवताना दोन्हीकडचे वाहक एकत्र येणार असतील तर आधी कळेल.

संध्याकाळी ४.४५

उद्याची लिस्ट आली. पहिली केस: मुलगी, वय ९, उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या भागात ८ मिलिमीटरचा खडा, सीटीवर फार टणक नाही. पत्ता लालबाग. दवाखान्यातून चालत घरी जाईल. तिला लिथोट्रिप्सी. दोनदा यावं लागलं तरी शाळेचे फारसे दिवस बुडणार नाहीत, आणि रात्री दुखलं तर टॅक्सी आहे. उद्या दुर्बिणीची ट्रॉली लावायची नाही. लिथोट्रिप्सीच्या खोलीत भुलेचं सामान, लहान मुलांचे मास्क आणि जेलची बाटली आहे का, एवढं बघून मी निघाले. ५.२०ची विरार फास्ट.